अतिरिक्त कार्यभार

१९४८ च्या कारखाने अधिनियमातले ४९ वे कलम फार थोड्यांनी वाचले असेल. ज्या कारखान्यात ५०० किंवा त्याहून जास्त कामगार कामाला असतात, तिथे मालकाने कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे ते कलम सांगत असे. मालकांनी ते हौसेने पाळले असे कोणी म्हणणार नाही. कितीतरी ठिकाणी हा अधिकारी कामगारांचा कमी आणि मालकाचाच जास्त झाला. तरीही पद निर्माण झाले, पदाला पात्रता ठरली, त्या पात्रतेपोटी अभ्यासक्रमांचे वर्ग भरू लागले, आणि समाजकार्याची पदवी घेतलेली मुले ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पिंपरी-चिंचवडला, नाशिकच्या सातपूर-अंबडला ‘लेबर वेल्फेअर ऑफिसर’ म्हणून रुजू झाली. कँटीनच्या भाजीत अळी निघाली, फिटरच्या बायकोचे ऑपरेशन आहे, लेथवरचा माणूस पिऊन कामावर येतो, अशा गोष्टींची दखल घेणे हे कोणाचे तरी पगारी काम ठरले.

आता तालुक्याच्या गावचे कोणतेही मोठे वरिष्ठ महाविद्यालय घ्या. पटावर तीन-चार हजार मुले-मुली. त्यांच्या अडीअडचणी कोण पाहतो असे विचारले, तर प्राचार्य समित्यांचा फलक दाखवतील. विद्यार्थी विकास अधिकारी: भूगोलाचे प्राध्यापक. राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी: मराठीचे प्राध्यापक. रॅगिंग प्रतिबंध समिती, अंतर्गत तक्रार समिती, समान संधी कक्ष, समुपदेशन कक्ष, माजी विद्यार्थी संघ: तीच पाच-सहा नावे, क्रम तेवढा वेगळा. हे सगळे अतिरिक्त कार्यभार. मुख्य काम शिकवण्याचे, बढती मिळायची ती शोधनिबंधांवर, आणि मधल्या वेळात उरला तर विद्यार्थी.

यातले काही प्राध्यापक जीव ओतून काम करतात. रात्री दोनला वसतिगृहातून आलेला फोन उचलतात, पोराची परीक्षा फी स्वतःच्या खिशातून भरतात, आणि त्याचा गवगवा करत नाहीत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या चांगुलपणावर अख्खे खाते फुकटात चालवणाऱ्यांबद्दल. त्या प्राध्यापकांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले की कक्षाला कुलूप लागते. पुढची नॅकची मूल्यांकन समिती यायची असली की कुलूप निघते, कारण नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आधाराचे गुण असतात. मग पाटी नव्याने रंगते, खोलीत दोन खुर्च्या, प्लास्टिकची फुले आणि भिंतीवर सूर्योदयाचे पोस्टर येते. समिती गेली की त्याच खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले जातात. मुले हे सगळे पाहत असतात. आपल्या नावाने मांडलेले नाटक त्यांना कळत नाही असे समजणारा माणूस वर्गात फार दिवस उभा राहिलेला नसतो.

अशा या राज्यात दरवर्षी मे-जूनमध्ये काही मुले-मुली एक वेगळाच प्रश्न घेऊन उभी राहतात. बीए संपलेले असते. कॉलेजातच काम करायचे आहे, पण शिकवायचे नाही; गावाकडून आलेली, पहिल्यांदाच घर सोडलेली, अर्ज-दाखल्यांत अडकलेली, कोणाशी बोलावे हे न कळणारी जी पोरे असतात, त्यांच्या पाठीशी उभे राहायचे आहे. बहुधा तीन वर्षांपूर्वी ती स्वतःच अशी पोरे होती. त्यांचा प्रश्न साधा असतो: यासाठी एमएसडब्ल्यू करावे, मानसशास्त्रात एमए करावे, की आणखी काही?

या प्रश्नाला आपल्या समाजाने दिलेली उत्तरे एकदा नीट ऐकण्यासारखी आहेत. वडील विचारतात, याला स्कोप काय? काका विचारतात, म्हणजे नक्की करणार काय? मुलगी असेल तर लगेच निकाल लागतो: चालेल, बसून करायचे काम आहे, पुढे सासरी कुठेही करता येईल, तोवर बँकेच्या परीक्षा देत राहा. मुलगा असेल तर हसतात. पोरांची रडगाणी ऐकायला दोन वर्षे आणि एवढी फी? हेच वडील पोराच्या इंजिनिअरिंगसाठी शेताचा तुकडा विकायला तयार असतात. आणि उद्या हाच पोरगा परगावच्या वसतिगृहात चार दिवस जेवला नाही, तर तिथे कोणीतरी जाणता माणूस असायला हवा होता, असे हेच वडील सर्वांत मोठ्याने म्हणतील. तो जाणता माणूस कोणाच्या घरात तयार व्हायचा? आपल्या नको, शेजाऱ्याच्या असू दे.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीला निदान खरे उत्तर तरी मिळाले पाहिजे. घरचे देत नाहीत आणि महाविद्यालयांची माहितीपत्रके तर मुळीच देत नाहीत, म्हणून इथे थोडा खोलात जातो.

समाजकार्याचे शिक्षण देशात सुरू झाले ते मुंबईतच. १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९५५ मध्ये निर्मला निकेतन आले, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था. नागपूर, अहिल्यानगर, कोल्हापूर इथेही जुनी केंद्रे आहेत. एमएसडब्ल्यूचे बळ क्षेत्रकार्यात आहे. नीट चालणाऱ्या संस्थेत आठवड्यातले दोन दिवस विद्यार्थी वर्गाबाहेर असतो: रुग्णालयात, वस्तीत, बालगृहात, पोलीस ठाण्यातल्या समुपदेशन केंद्रात. केलेल्या कामाचा अहवाल लिहितो, आणि दर आठवड्याला पर्यवेक्षक शिक्षक तो समोर ठेवून त्याला सोलून काढतो. शेवटी महिनाभराची ‘ब्लॉक प्लेसमेंट’. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन या तिन्ही गोष्टी हाताला लागतात. सरकारी योजना, कायदे, दाखले, कचेऱ्या यांची भीती जाते.

न चालणाऱ्या संस्थेत काय होते तेही सांगितले पाहिजे. तिथे क्षेत्रकार्य म्हणजे एका स्वयंसेवी संस्थेत सोमवारी-मंगळवारी जाऊन सही करणे. अहवाल मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या वहीतून उतरवले जातात. कायम शिक्षक निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन गावांच्या कॉलेजांमधून एसटीने धावत असतो. तो कोणाचे पर्यवेक्षण करणार? आणखी एक गोष्ट बोलकी आहे. महाराष्ट्रातल्या अनुदानित समाजकार्य महाविद्यालयांचे अनुदान उच्च शिक्षण खात्याकडून येत नाही, समाजकल्याणाच्या खात्याकडून येते. म्हणजे या विद्येचा महाविद्यालयाशी संबंध आहे हे सरकारच्या दप्तरातच नाही. त्यामुळेच की काय, ही महाविद्यालये आपली मुले सगळीकडे पाठवतात, पण रस्त्यापलीकडच्या कला-वाणिज्य महाविद्यालयात आणि त्याच्या वसतिगृहात क्वचितच पाठवतात.

दुसरी वाट मानसशास्त्राची. समुपदेशन मानसशास्त्रातले एमए, टाटा संस्थेतले उपयोजित मानसशास्त्र, मुंबई, पुणे आणि एसएनडीटी विद्यापीठांतले अभ्यासक्रम. मनाचे आजार ओळखणे, चाचण्या, मुलाखतीचे तंत्र, कुठे आपण थांबायचे आणि कुठे मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचे, हे इथे जास्त शिस्तीने शिकायला मिळते. पण याच वाटेवर दुकानेही फार आहेत. घरबसल्या एमए, शनिवार-रविवारची पदविका, पंधरा दिवसांचे ‘सर्टिफाइड काउन्सेलर’. आपल्याकडे कालपरवापर्यंत कोणीही दारावर समुपदेशक अशी पाटी लावू शकत होता. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, वैद्यकीय समाजकार्यकर्ते यांना नोंदणीच्या कक्षेत आणले, आणि त्याच्याच आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ पासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम थांबवले. तोवर किती जणांनी पैसे भरून कागद घेतले, त्यातल्या कितींनी समोर बसलेल्या खऱ्या माणसाशी एकदाही न बोलता पदवी घेतली, याचा हिशेब कोणी मागत नाही. पदव्या विकणाऱ्यांना आपण शिक्षणमहर्षी म्हणतो आणि त्यांच्या वाढदिवसाला चौकात फलक लावतो.

भाषेचेही बघा. चांगल्या म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमांत सराव इंग्रजीत चालतो. एक विद्यार्थी समुपदेशक होतो, दुसरा दुःखी, आणि दोघे इंग्रजी पाठ्यपुस्तकातली वाक्ये बोलतात. नंदुरबारहून आलेली भिल्ल मुलगी किंवा मेळघाटातला कोरकू मुलगा उद्या समोर बसला, तर तो कोणत्या भाषेत गप्प बसेल हेसुद्धा यांना कळायचे नाही. म्हणून अभ्यासक्रम निवडणाऱ्याने इमारत, मानांकन, प्लेसमेंटचे आकडे बाजूला ठेवून आधी हे विचारावे: क्षेत्रकार्याचे दिवस किती, पर्यवेक्षण कोण करते, कायम शिक्षक किती आहेत, सराव मराठीत होतो का, आणि वसतिगृहात किंवा महाविद्यालयात तुम्ही मला पाठवाल का? शेवटच्या प्रश्नावर विभागप्रमुख गोंधळले तर गोंधळू द्यावे. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून तो आज काय करतो हे जरूर विचारावे. तो बहुधा खरे सांगेल, कारण त्याला विचारायला आधी कोणी आलेले नसते.

मला कोणी विचारले तर मी आधी समाजकार्य करायला सांगेन आणि मग त्यावर मानसशास्त्राची चांगली, पर्यवेक्षणाखालची पदविका. याचे कारण आपल्या समाजाच्या एका सोयीस्कर खोटेपणात आहे, आणि या लेखातला माझा मुख्य आरोप तोच आहे.

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांतल्या मुलांच्या दुःखाला आपण एकच नाव दिले आहे, मानसिक आरोग्य. शब्द चांगला आहे, त्यामागचे शास्त्रही खरे आहे, आणि ज्याला नैराश्याचा आजार आहे त्याला औषध आणि उपचार मिळालेच पाहिजेत. पण या नावाखाली आपण आणखी बरेच काही ढकलून दिले. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर मुलाने शिष्यवृत्तीचा अर्ज भरला, उत्पन्नाचा दाखला जोडला, जातपडताळणीसाठी जिल्ह्याच्या चकरा मारल्या. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनला पडून राहिला, कारण तो पुढे पाठवणारा कारकून कंत्राटी आणि त्याचाही पगार थकलेला. पुढे मंजुरी आली तर खाते आधारशी जोडलेले नाही. दरम्यान संस्थेने फी मागितली, आणि फी भरल्याशिवाय हॉल तिकीट देणार नाही असे खिडकीवरून सांगितले, सगळ्यांच्या देखत. मेसवाल्याने दोन महिन्यांचे थकल्यावर ताट बंद केले. त्या मुलाला झोप लागत नाही. मग आपण त्याला ताणतणाव व्यवस्थापनाच्या कार्यशाळेला बसवतो, डोळे मिटायला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगतो, आणि फोटो काढून अहवालाला जोडतो.

दोष मुलाच्या मनात आहे असे ठरवले की खिडकीवरच्या माणसाला, संस्थेच्या सचिवाला, मंत्रालयातल्या फाइलीला, कोणालाच काही विचारावे लागत नाही. हा फायदा फार मोठा आहे आणि तो आपण सगळ्यांनी मिळून घेतला आहे. विद्यार्थ्याची सेवा करणारा माणूस असा हवा, जो त्याचे ऐकून घेईल आणि मग उठून त्याच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत जाईल. संस्थाचालकांना असा माणूस का नको असतो, हे वेगळे सांगायला नको. ऐकून घेणारा चालतो. उठणारा चालत नाही.

जातीचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हैदराबादला २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला. मुंबईत २०१९ मध्ये जळगावकडची तडवी भिल्ल समाजातली डॉक्टर पायल तडवी गेली. पवईच्या आयआयटीत २०२३ मध्ये पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. तिन्ही प्रकरणांवर चौकशा, खटले, वाद झाले, होत आहेत, आणि त्यांचा निवाडा मी इथे करत नाही. मी फक्त त्या दिवसांतल्या आपल्या दिवाणखान्यांतल्या गप्पा आठवतो. पोरे नाजूक झाली आहेत. झेपत नव्हते तर आलेच कशाला. आरक्षण घेऊन येतात आणि मग टिकत नाहीत. ही वाक्ये बोलणारी माणसे क्रूर नव्हती; सोसायटीच्या गणपतीला पुढे असणारी, रक्तदान करणारी, सभ्य माणसे होती. आपल्या मुलाला पहिल्या वर्षी एक केटी लागली तेव्हा त्यांनीच घरातला टीव्ही महिनाभर बंद ठेवून त्याला धीर दिला होता. धीर देणारे घर ज्याच्या पाठीशी नाही, त्याच्यासाठी महाविद्यालयाने कोणीतरी ठेवावे, एवढीच तर गोष्ट आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ या वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद केली. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. शाहू-फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात एकही भाषण सुरू होत नाही, त्या राज्याचा हा आकडा आहे.

आणि ही नावे केवळ शोभेची नाहीत. विद्यार्थ्याला नुसते शिकवून भागत नाही, त्याला राहायला, जेवायला आणि कोणीतरी आपले म्हणायला लागते, हे या मातीत सर्वांत आधी ओळखले ते याच परंपरेने. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढून दिले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत समाजांची बोर्डिंगे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पहिल्या काही कामांत हाती घेतले ते सोलापूरचे वसतिगृह, १९२५ साली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे बोर्डिंग काढले. त्या मुलांच्या भाकरीसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९५५ मध्ये पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली ती याच जाणिवेतून. लक्ष्मीबाईंकडे कोणतीही पदवी नव्हती, पण कोणते पोर आज ताटावर गप्प आहे हे त्यांना दिसत होते.

आपण त्यांचे पुतळे उभारले आणि त्यांचे काम गृहपालाच्या टेबलावर टाकले. सरकारी वसतिगृहाच्या गृहपालाची भरती कशी होते ते पाहा. मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी. जगातले सर्वांत उंच धरण कोणते हे ज्याला येते, त्याच्या हाती शंभर मुलींची रात्र. खासगी वसतिगृहातल्या रेक्टर मॅडमची तर परीक्षाही होत नाही. ट्रस्टींच्या ओळखीतली एकटी बाई असली की झाले. मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी मुलींच्या वसतिगृहात जून २०२३ मध्ये एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथल्याच रखवालदारावर आला. तेव्हा चर्चा झाली ती कॅमेऱ्यांची आणि कुंपणाची. तिथे राहणाऱ्या मुली आपल्या भीतीबद्दल कोणाशी बोलू शकत होत्या का, हा प्रश्न दोन दिवसांत मागे पडला. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहातली मुले मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकण्याच्या निर्णयाविरुद्ध पुण्याहून नाशिककडे पायी निघाली, तेव्हाही आपण वाहतुकीला अडथळा झाला की नाही तेवढे पाहिले.

समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थाही यातून सुटत नाहीत. २०१८ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांना मागासवर्गीय शिष्यवृत्तीधारकांची फीसवलत काढून घेतल्याबद्दल संप करावा लागला. वंचितांसोबत काम करायला शिकवणारी जागा वंचितांनाच परवडेनाशी झाली, तर उद्या या व्यवसायात कोण येणार? ज्याला वसतिगृहातली उपाशी रात्र माहीत आहे तो फीपायी बाहेर, आणि ज्याने ती पुस्तकात वाचली तो आत.

अमेरिकेचे उदाहरण देताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो, कारण तिथल्या फीने मुलांना आयुष्यभराच्या कर्जात घातले आहे. तरी एक गोष्ट त्यांनी लवकर ओळखली. १९३७ साली अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने एका निवेदनात मांडले की विद्यार्थ्याला फक्त बुद्धी म्हणून न पाहता पुरता माणूस म्हणून पाहणे ही संस्थेची जबाबदारी आहे. त्यातून ‘स्टुडंट अफेअर्स’ हा वेगळा व्यवसाय आणि त्याचे वेगळे एमए उभे राहिले. पुष्कळ ठिकाणी हे विद्यार्थी शिकतानाच वसतिगृहात किंवा सल्ला कार्यालयात अर्धवेळ काम करतात आणि त्या बदल्यात त्यांची फी माफ होते. आपली मुले तिकडे उतरतात तेव्हा त्यांना घ्यायला विमानतळावर कोणी येते, बँकेत खाते कोणी उघडून देते, पहिल्या थंडीत कोट कुठे स्वस्त मिळेल हेही कोणी सांगते. आईवडील इकडे कौतुकाने सांगतात, काय काळजी घेतात हो तिथे! हेच गृहस्थ संध्याकाळी आपल्या गावच्या संस्थेच्या बैठकीला विश्वस्त म्हणून जातात आणि पूर्णवेळ समुपदेशकाच्या प्रस्तावावर म्हणतात, आपल्या मुलांना असल्या लाडांची सवय नको.

आता न्यायालयाला हे करावे लागले आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली विद्यार्थ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. त्याच वर्षी जुलैमध्ये, आंध्र प्रदेशातल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, न्यायालयाने सांगितले की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. कारखान्यांसाठी हे १९४८ मध्ये लिहिले गेले. महाविद्यालयांसाठी लिहायला आणखी ७७ वर्षे आणि इतक्या मुलांचे जीव लागले, आणि तेही विधिमंडळाने लिहिले नाही, विद्यापीठांनी लिहिले नाही, पालकांच्या एकाही मोर्चाने मागितले नाही.

आदेशाचे पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. कागदावर नेमणूक होईल. समुपदेशक मानधनावर, आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते एक, दहा महिन्यांचा करार. मुलांना रडू अकरा ते एकमध्येच यावे अशी अपेक्षा. एमएसडब्ल्यू किंवा एमए केलेली ती मुलगी असली चार कॉलेजे मिळून कसेबसे घरभाडे भागवेल, दोन वर्षांनी एखाद्या कंपनीच्या एचआरमध्ये जाईल, आणि संस्थाचालक म्हणतील, बघा, या लोकांत टिकाव नसतो. किंवा त्याहून सोपे, भूगोलाच्या त्याच प्राध्यापकांना आठवड्याचे प्रशिक्षण देऊन समुपदेशक ठरवतील.

हे थांबवण्याची जागा मंत्रालयापेक्षा जवळ आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्यात संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव असतात, प्राचार्य आणि शिक्षक असतात, विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी धरलेले आहेत, आणि शिक्षण, उद्योग, संशोधन, समाजसेवा या क्षेत्रांतले चार स्थानिक लोक असतात, ज्यांत निदान एक माजी विद्यार्थी असावा लागतो. वर्षाचे अंदाजपत्रक या समितीपुढे येते. हे चार लोक म्हणजे गावातले डॉक्टर, कारखानदार, वकील, एखादे निवृत्त मुख्याध्यापक. हा लेख वाचणाऱ्यांपैकीच कोणीतरी. बैठकीत चहा-बिस्किटे होतात, इतिवृत्त मंजूर होते, सह्या होतात. पुढच्या बैठकीत त्यांनी एक पूर्णवेळ, कायम पद मागावे: विद्यार्थी सेवा अधिकारी, पात्रता समाजकार्य किंवा समुपदेशन मानसशास्त्र, वेतन साहाय्यक प्राध्यापकाइतके, कचेरी तळमजल्यावर, शिष्यवृत्तीच्या खिडकीशेजारी. अध्यक्ष म्हणतील, पदाला शासनाची मान्यता नाही, अनुदान मिळणार नाही. तेव्हा त्यांना विचारावे की याच आवारात बीबीए, बीसीएचे विनाअनुदानित वर्ग कोणत्या अनुदानावर चालतात, त्यांच्या फीचे पैसे कुठे जातात, आणि ते उत्तर इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यावे.